पुसण्याआधी

“सर्व कुकीज पुसल्या आहेत. ब्राउझर आता अगदी स्वच्छ आहे,” असं एजंटनं पडद्यावर लिहिलं, आणि भारतीला आधी बरंच वाटलं. वाक्य तिचंच होतं. डहाणूला मसोलीतल्या भाड्याच्या खोलीत बसून तिनं ते गेल्या आठवड्यात लिहिलं होतं, ‘स्वच्छ’ म्हणावं की ‘कोरा’ यावर अख्खी दुपार घालवून. आणि आता तलासरी नाक्यावर रूपेशदादाच्या सेवा केंद्रात, पंख्याच्या खडखडाटात, तेच वाक्य एक यंत्र तिला परत ऐकवत होतं. आपलं लेकरू चारचौघांत न अडखळता कविता म्हणतं तेव्हा आईला वाटावं तसं काहीसं वाटून ती हसली. मग तिची नजर वर टॅबांच्या रांगेकडे गेली. मघाशी तिथं माणसांची नावं होती. कुणाचा पीएफ, कुणाचं रेशन, कुणाची पेन्शन, कुणाचा प्रवेश. आता एकेक पान ताजं होत होतं आणि प्रत्येकावर तीच ओळ उमटत होती: मोबाइल क्रमांक टाका. तिनं माऊसवरचा हात चटकन उचलला, जसं काही आता न शिवल्यानं फरक पडणार होता.

भारतीचं काम करायला सोपं आणि समजावून सांगायला अवघड होतं. घरी ती ‘कॉम्प्युटरचं लिहिते’ एवढंच सांगत असे. पुण्याची एक कंपनी सेवा केंद्रांसाठी एआय एजंट बनवत होती. केंद्रवाल्यानं साध्या मराठीत सांगायचं, “या बाईंचा दाखला काढ,” आणि एजंटनं माणसासारखा ब्राउझर चालवून तो काढायचा. त्यासाठी एजंटच्या हाताशी बारीकसारीक हत्यारं दिलेली होती: एक पान उघडायचं, एक अर्ज भरायचं, एक कुकी पुसायचं. कोणतं हत्यार केव्हा उचलायचं आणि केव्हा हात लावायचा नाही, हे लिहून ठेवणारी भारती. तिचा वाचक माणूस नव्हता. माणसं सूचना वाचत नाहीत. औषधाच्या बाटलीवरच्याही वाचत नाहीत. एजंट मात्र शब्दन् शब्द वाचायचा आणि वाचला तसा वागायचा. असा वाचक मिळाला की लिहिणाऱ्याला थोडा माज चढतो, तसा तिलाही चढला होता. कुकी म्हणजे काय हे तिनं एका ओळीत बसवलं होतं आणि त्या ओळीवर ती खूश होती: कुकी ही साइटनं ब्राउझरजवळ ठेवलेली ओळखीची खूण, ती असेपर्यंत साइट माणसाला दारात अडवत नाही. त्याखाली हत्यार कसं चालवायचं ते होतं. साइटचं नाव दिलं तर तेवढ्याच साइटच्या खुणा जातात. नाव देणं ऐच्छिक. आणि मग ते वाक्य: शंका असल्यास नाव रिकामं सोडावं, त्यानं पूर्ण सफाई होते. कोऱ्या ब्राउझरवर सगळेच चाचणी घेतात, तिला रोजच्या वापरानं मळलेला ब्राउझर हवा होता, म्हणून तिनं दादाचा मागितला. “कर की, त्यात काय विचारायचं,” असं म्हणून दादा चहाला गेला होता. रेशनच्या साइटवर एक लॉगिन लटकलं होतं, तर “हे लटकलंय ते नीट कर,” असं तिनं एजंटला सांगितलं. एजंटला शंका आली असणार. त्यानं नाव रिकामं सोडलं.

रूपेश चहाचा ग्लास हातात घेऊनच आत आला, पडद्याकडे बघितलं, आणि ग्लास टेबलावर ठेवायचं विसरला.

“सगळे गेले?”

“माहिती कुणाची गेली नाही दादा. साइटवर सगळं जागच्या जागी आहे. फक्त परत लॉगिन करावं लागेल.”

“फक्त,” तो म्हणाला. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. “बाय, मी कुणालाच लॉगआउट करत नाय, हे तुला ठावं होतं.”

ठाऊक होतं. त्यावर ती हसलीही होती. शहरात माणूस खुर्चीवरून उठताना लॉगआउट करतो, मागच्यानं आपलं काही बघू नये म्हणून. दादाकडे उलटा कारभार. इथं माणूस एकदा आत पोचला की त्याला आतच राहू द्यायचं, कारण दार पुन्हा उघडायला ओटीपी लागतो, आणि तो ज्या फोनवर येणार तो फोन कुठं असेल याचा नेम नाही. सायवनकडच्या पाड्यांत रेंज पाहिजे तर टेकाड चढा. घरात मिळून एक सिम, ते कर्त्या माणसाच्या खिशात हिंडतं. कधी वीटभट्टीवर, कधी घोलवडच्या चिकूवाडीत, कधी बोटीवर. म्हणून परगावी जाताना शेजारी कोंबड्या सांभाळायला देतो तशी लोकांनी आपापली लॉगिनं दादाकडे ठेवली होती आणि दादा ती सांभाळत होता. “हे नियमाविरुद्ध आहे,” असं तिनं एकदा पुण्याच्या आवाजात सांगितलं होतं. “नियम करणाऱ्याच्या घरात रेंज असंल,” तो म्हणाला होता, आणि विषय संपला होता.

मग फोनाफोनी झाली. लाहू पेट्रोल पंपावर कामाला, तो गणवेशातच येऊन ओटीपी सांगून गेला. काळीबायचा मुलगा शेतावरून ओरडून ओरडून आकडे सांगत होता. दुपार होईपर्यंत एकेक नाव परत जागेवर आलं, आणि प्रत्येक नावागणिक भारतीचा श्वास जरा मोकळा होत गेला. एक टॅब तेवढी तशीच पांढरी राहिली. ती निलमची होती. रूपेशनं तिच्या अर्जातल्या नंबरवर पुन्हा पुन्हा ओटीपी पाठवला, पुन्हा पुन्हा फोन लावला, आणि संपर्क क्षेत्राबाहेर असल्याचं ऐकून ठेवून दिला. “सुकऱ्याचा नंबर, तिच्या बापाचा,” तो म्हणाला, “बोटीवर गेलाय तो.”

निलम सायवनची, नुकती बारावी झालेली. नर्सिंगच्या पहिल्याच यादीत तिचा नंबर लागला होता, सरकारी कॉलेजात, वसतिगृहासकट. शाळेचा दाखला जोडून ‘स्वीकार’ हे बटण दाबायचं एवढंच उरलं होतं, आणि ते आज संध्याकाळी सहापर्यंत दाबायचं होतं. नाहीतर जागा खालच्या मुलीला. दाखल्याला शाळेनं दिवस लावले होते. तो हातात पडल्या पडल्या ती दोन टमटम बदलून आली होती. प्लास्टिकच्या पिशवीत दाखला, पिशवी छातीशी, वेणीला तेल. रूपेशनं झालं ते सांगितलं. मदत क्रमांकावर नंबर बदलून मिळतो का, तर मिळतो, पण उद्या. निलमनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. भारतीकडे वळून तिनं अगदी सरळ विचारलं, “ताई, हे मशीननं केलं का तुम्ही?”

कंपनीत अशा वेळेसाठी एक तयार शब्दप्रयोग होता: एजंटचं अनपेक्षित वर्तन. तो भारतीच्या जिभेवर आलाही. किती सोयीचा शब्द. त्यात कुणाचा हात नाही, कुणाचं तोंड नाही. पण वर्तनात अनपेक्षित काय होतं? लिहिलं होतं तेच त्यानं केलं होतं, तेही मन लावून. शंका आली तर सगळं पुसून टाक, असं तिनं लिहिलं होतं, कारण तिला स्वतःला तसंच वाटत आलं होतं. ही गोष्ट तिला त्या क्षणी, केंद्राच्या दारात, समोर त्या मुलीचे डोळे असताना कळली आणि तिला स्वतःचीच भीती वाटली.

“मी केलं,” ती म्हणाली.

“मग बाकडून नंबर आणायला तुम्हीच चला,” निलम म्हणाली आणि चपला घालायला लागली.

बाप वरोरला अमृत तांडेलाच्या हाताखाली बोटीवर खलाशी आहे, बोटीची मालकीण संगीताबाय बंदरावर असते, एवढं निलमला माहीत होतं. संगीताबायचा नंबर? तो बाच्या फोनात. तेव्हा दादाची स्कूटर घेऊन दोघी निघाल्या. झरीवरून बोर्डी, मग किनाऱ्यानं घोलवड, डहाणू, वरोर. भात पोटरीला आलं होतं आणि वाऱ्यावर त्याचा दुधाळ वास होता. घोलवडला रस्ता चिकूवाड्यांच्या सावलीत शिरला तसा तो दुसरा वास आला, ओल्या सालींचा, आणि भारतीला आईच्या हातांची आठवण झाली. आई इथल्याच एका वाडीत चिकू धुवायला येत असे. झाडावरून उतरवलेल्या चिकूवर तपकिरी भुकटी असते, ती हौदात चोळून चोळून काढायची. लहानगी भारती काठावर बसून बघायची. पाण्यात जाताना प्रत्येक चिकू वेगळा असे, कुणावर चिकाचा ओघळ, कुणाला डाग. बाहेर यायचे ते सगळे सारखे, गुळगुळीत. आता हे कुठल्या झाडाचे, कुणालाही सांगता येणार नाही. हे तिला फार आवडायचं. पुढं आश्रमशाळेत बाईंनी वर्गात सगळ्यांसमोर तिचं बोलणं दुरुस्त केलं, ‘आथा’ नाही, ‘आता’ म्हण, ‘ऱ्हा’ नाही, ‘राहा’ म्हण, तेव्हा ती इतर मुलींसारखी हिरमुसली नाही. तिनं स्वतःला हौदात घातलं आणि चोळलं. पुण्याला नोकरी लागेपर्यंत भुकटीचा कण उरला नव्हता. कुणी गाव विचारलं की ‘मुंबईच्या पुढे’ म्हणायची. ऑफिसात चित्रांचा विषय निघायचा, तुमच्याकडे भिंतीवर ती पांढरी चित्रं काढतात ना, आणि ती कॉफी आणायला उठायची. ब्राउझरातही ती खासगी खिडकी उघडूनच काम करायची. बंद केली की गेलं, मागं काही नाही. रोज सकाळी नवं माणूस. लोकांना स्वच्छ अंगण बघून बरं वाटतं, तिला रिकामी हिस्ट्री बघून वाटायचं. मग कंपनीनं घरून काम दिलं आणि ती डहाणूला आली. उधव्याला आपल्या घरी नाही, डहाणूला, जिथून घर जवळ होतं आणि पुरेसं लांबही. ‘शंका असल्यास नाव रिकामं सोडावं.’ किती वर्षांचं वाक्य होतं ते! ती नुसती टंकणारी होती.

“ताई,” मागून निलम वाऱ्यावर ओरडली, “पुण्याला तुम्ही एकट्याच ऱ्हायच्यात? भीती नाय वाटली?”

“वाटली.”

“मग कधी गेली?”

भारतीला खरं उत्तर द्यावंसं वाटलं, आणि ते शोधेपर्यंत नरपड गाव मागे पडलं. खाणावळीतल्या एका बाईनं एकदा ताट पुढं करताना विचारलं होतं, पोरी, नाव काय तुझं. दुसऱ्या दिवशी ती नावानं हाक मारून म्हणाली, भारती, आज भाकरी आहे. एवढंच. पण त्या रात्री तिला गाढ झोप लागली होती. हे तिनं इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

“कुणीतरी नावानं हाक मारली, तेव्हा गेली,” ती म्हणाली. निलम ‘हं’ म्हणाली आणि तिनं खांद्याला धरलं. मघापासून ती सीटच्या दांडीला धरून बसली होती.

वरोरला ओळीनं बांबूंवर बोंबील वाळत होते. बंदराच्या टोकाला पत्र्याची खोली, खोलीत बर्फाच्या पेट्या, जाळ्यांचे ढीग, आणि भिंतीवर वायरलेसचा सेट. त्याच्यासमोर खुर्ची टाकून संगीताबाय बसल्या होत्या. ठसठशीत बाई, डोक्यात अबोली, पुढ्यात मांदेली निवडायची टोपली. हात टोपलीत, कान सेटला. निलमनं सांगितलं, भारतीनं मध्ये मध्ये भर घातली. बाईंनी टोपलीतून हात काढला नाही.

“म्हणजे बोट किनाऱ्याकडे आणू? टॉवरसाठी?” त्या म्हणाल्या. “जाळी टाकून बसलेत ते.”

“डिझेलचे पैसे मी देते,” भारती म्हणाली.

“डिझेल देशील गो. बर्फ विरघळतो त्याचं काय देशील? आणि जाळ्यात आलेलं म्हावरं तुझ्यासाठी थांबंल?” मग त्यांनी निलमकडे निरखून बघितलं. “सुकऱ्याची तू? मधली?”

“मोठी. काकी, बाला सांगा, फोन चालू कर म्हणावं. बॅटरी उरावी म्हणून बंद करून बरणीत घालून ठेवतो.”

“अगो, बरणीत!” संगीताबाय हसल्या. इतक्या हसल्या की टोपली बाजूला ठेवावी लागली, आणि हात मोकळे झाले तसा त्यांनी माइक उचलला. तो ठरवून उचलला की हसताना उचलला गेला, हे भारतीला नंतरही कधी नीट सांगता आलं नाही. बोट लांब होती, थेट आवाज पोचेना. मधल्या एका बोटीनं ऐकलं, तिनं पुढच्या बोटीला सांगितलं, आणि थोड्या वेळानं त्याच वाटेनं उत्तर आलं: अमृत बोलतो, जाळी ओढायला घेतली, येतो. बाकी काही नाही. येतो.

मग वाट बघणं. निलम धक्क्यावर जाऊन समुद्राकडे तोंड करून बसली. भारती बर्फाच्या पेटीवर टेकली. बुडाला गारवा, वर ऊन, नाकात सुक्या मासळीचा वास. आणि मनात एक विचित्र स्थिरता. जागा गेली तर? निलम पुन्हा वर्षभर थांबेल, किंवा थांबणार नाही. चिकू धुवायला जाईल. याचं मोजमाप कुठल्याच अहवालात येणार नाही. तिनं फोनवर आपली फाइल उघडली. ते वाक्य खोडायचा मोह झाला. पण खोडून काय? तिथं जागा रिकामी राहील, आणि रिकाम्या जागेचं काय होतं ते तिनं सकाळीच बघितलं होतं. तिनं त्या जागी लिहिलं: ‘साइटचं नाव रिकामं सोडू नये. शंका आली तर पुसू नये, विचारावं. पहिला प्रश्न हा: ओळख पुन्हा पटवून देणारं माणूस आत्ता कुठं आहे, आणि त्याच्यापर्यंत पोचता येईल का?’ पुण्याहून कुणीतरी म्हणणार, फार लांबलं, एजंटला माणसांचं काय करायचंय. म्हणू देत. तो शब्दन् शब्द वाचतो ना, मग हेही वाचेल. कुठल्यातरी नाक्यावरच्या केंद्रात एखाद्या दुपारी तो पुसायला निघेल आणि थांबून विचारेल, या नंबरवालं माणूस जवळ आहे का हो? एवढ्या कल्पनेनं तिला भरून आलं. यंत्राबद्दल असं वाटतं म्हणून हसूही आलं.

ऊन कलताना सेट खरखरला. अमृत तांडेलाचा आवाज, या खेपेला थेट, पण फाटलेला. “बंदर, बंदर. काडी आली रेंजची. एक काडी. सुकऱ्या केबिनवर चढलाय.” फोन लागेल एवढी रेंज नव्हती, मेसेज तेवढा आला असता. भारतीनं आपल्या फोनवर निलमचं पान उघडून ‘ओटीपी पाठवा’ दाबलं. थोड्या वेळानं सेटवरून सहा आकडे आले. निलमनं टाकले. चूक. लाल अक्षरांत खाली आलं: आणखी एकदा चुकल्यास खातं उद्यापर्यंत बंद राहील. निलमनं बोट मागे घेतलं, आणि भारतीच्या ध्यानात आलं. बरणीतला फोन चालू झाल्याबरोबर सकाळपासूनचे सगळे ओटीपी एकदम येऊन पडले असणार. त्या ढिगातला पहिला दिसला तो सुकऱ्यानं वाचला. तिनं माइक मागून घेतला. “दाबून बोल, झालं की सोड,” संगीताबाय म्हणाल्या. भारतीनं बटण दाबलं आणि तिच्या तोंडून जे आलं ते तिच्या फाइलीतलं होतं. “कृपया सर्वात अलीकडच्या संदेशातील सहा अंकी क्रमांक वाचावा.” बटण सोडलं. मग अमृत म्हणाला, “तो विचारतो, काय करू?”

अलीकडचा म्हणजे वरचा की खालचा? तिच्या फोनात खालचा, त्याच्या साध्या फोनात कुठला कोण जाणे. तिला दिसलं, हलणाऱ्या केबिनवर एका हातानं दोर धरलेला माणूस, दुसऱ्या हातात फोन, डोळ्यांवर ऊन. तो सांगू तेच करणार होता. आणि त्याच्याशी कसं बोलायचं ते तिला येत होतं. येतच होतं, कुठं गेलं नव्हतं.

“सुकऱ्याकाका,” ती म्हणाली, “मी भारती, उधव्याची, काकड्याची पोर. आयका. आथा मी नवा नंबर धाडते. फोन हातात घट धरून ऱ्हा. हातात थरथरला का मंग पाहा, नि तोच वाचा. आधीचं काय पन नोको.” स्वतःचा आवाज तिला अनोळखी वाटला नाही याचंच नवल वाटलं. संगीताबायनी मान हलवली. पलीकडून अमृत म्हणाला, “समजला तो.”

तिनं बटण दाबलं, आणि वाट बघताना तिला कळलं की निलमनं तिच्या मनगटाला धरलंय. “थरथरला,” अमृत ओरडला. “घ्या. चार.” खरखर. “सात.” मध्येच आवाज तुटला, तर दुसऱ्याच एका बोटीवरून कुणीतरी आपण होऊन म्हणालं, “सात बोलला, सात.” पुढचा आकडा उंबरगावच्या बाजूच्या बोटीनं गुजरातीत पुढं केला, “बे. बे छे, बेन,” म्हणजे दोन. मेसेजात नक्की लिहिलं असणार, हा क्रमांक कुणालाही सांगू नका, आणि तो इथं साऱ्या दर्यावर घोषासारखा फिरत होता, प्रत्येक आकडा वेगवेगळ्या गळ्यांतून दोनदा, तीनदा, कुणी चुकू नये म्हणून. निलम एकेक आकडा टाकत गेली. शेवटचा टाकला. पान क्षणभर पांढरं झालं. मग वर तिचं पूर्ण नाव आलं, बापाच्या नावासकट.

दाखल्याचा फोटो काढून जोडला. ‘स्वीकार’ हे बटण हिरवं झालं. निलमनं बोट ओढणीला पुसलं आणि दाबलं. प्रवेश निश्चित, असं आलं. ती खाली जाळ्यांच्या ढिगावर बसली आणि तोंड झाकून एकदाची रडली. भारतीचा जीव भांड्यात पडला, आणि डोळे तिचेही भरले. तिनं ते पुसले नाहीत.

“झालं रे!” संगीताबायनी माइकवर सांगितलं. “नर्सिंगला लागली पोरगी!” एकामागून एक बोटी बोलायला लागल्या. कुणी शीळ घातली, कुणी पेढे मागितले, कुणी अमृतला म्हणालं, आता तू आजारी पडायला मोकळा. त्या गलक्यात उंबरगावचा तो आवाज पुन्हा आला, “अमृतभाय, छोकरी कोनी छे?” कुणाची मुलगी आहे?

अमृतच्या बाजूला खुडखुड झाली, कुणीतरी माइक कुणाच्या तरी हातात दिला. मग एक आवाज आला, माइकला ओठ टेकवून बोलल्यासारखा, फार मोठा, सगळ्या बोटींवर एकदम.

“माजी.”

निलमनं मान वर केली. पुढं शब्द नव्हता, पण आवाज थांबला नाही. इंजिनाची धडधड, पाण्याचा आपटण्याचा नाद, आणि अगदी जवळ एका माणसाचा श्वास. बटण दाबून धरलं की दुसऱ्या कुणालाच बोलता येत नाही, आणि सुकऱ्याच्या हातात इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा माइक आला होता. ते सोडायचं असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. संगीताबायचा हात सेटकडे गेला आणि तसाच राहिला. वरोरपासून उंबरगावापर्यंत सगळ्या बोटी गप्प राहून त्याचं ऐकत होत्या.